कोणतं मालेगाव? : ड्रॉपडाउन घडवणाऱ्यांसाठी प्रस्तावना

महाराष्ट्रात मालेगाव नावाचा एकच तालुका आहे, अशी पुष्कळांची समजूत असते आणि त्यांतले काही जण पोटापाण्यासाठी संगणकाचे फॉर्म तयार करतात. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव यंत्रमागांचं, मोठं, सतत बातम्यांत असणारं. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं, तालुक्याचं गाव. दोहोंमध्ये सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. अकोल्याच्या बसस्थानकावर कुणी ‘मालेगावला जायचंय’ म्हणालं तर त्याला नाशिकची गाडी दाखवावी असं कुणाच्या मनातही येत नाही. फॉर्ममधल्या यादीला हे भान नसतं. तिच्यापुढे तीच अक्षरं दोनदा येतात, आणि कुणी वेगळं सांगितलं नसेल तर दोन्ही तिला सारखीच.

ही पुस्तिका अशा याद्यांबद्दल आहे. फॉर्मवर बाण असलेली एक चौकट असते, तिच्यावर दाबलं की पर्याय खाली उलगडतात, एक निवडला की यादी मिटते. कुणी तिला ड्रॉपडाउन म्हणतं, कोड लिहिणारे सिलेक्ट म्हणतात. ब्राउझर ती आयती देतो. तरीही जावास्क्रिप्ट हाताशी घेऊन ती नव्यानं घडवण्याचा उद्योग जगभर अखंड चालू आहे. हा उद्योग कधी करावा, कधी हात आवरावा आणि करायचाच ठरला तर काय काय अंगावर येतं, हे लेखकानं नीट मांडलं आहे. त्याची पुनरुक्ती करण्यापेक्षा मी वाशिम जिल्हा घेऊन बसतो. जिल्हा लहान आहे, तालुके सहाच. पण यादीच्या बाबतीत जेवढ्या म्हणून अडचणी असू शकतात, त्या बहुतेक सगळ्या या सहा नावांत आणि त्यांच्याखालच्या गावांत सापडतात.

आधी थोडा इतिहास. सिलेक्ट आणि तिच्या आतले ऑप्शन नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या दस्तऐवजात आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार लिहिला. म्हणजे दोघी एकाच वयाच्या. पण सिलेक्टची उघडलेली यादी ब्राउझर स्वतः न रंगवता बहुधा खालच्या प्रणालीकडे सोपवत असे. विंडोजवर ती एक दिसायची, मॅकवर दुसरी, अँड्रॉइडवर तिसरीच. सीएसएसचा हात मिटलेल्या चौकटीपर्यंत पोहोचायचा, आतल्या पर्यायांना तो जवळजवळ लागायचाच नाही. आराखडा करणाऱ्यांना हे सलत होतं. २०११ मध्ये हार्वेस्ट या कंपनीतून ‘चोझन’ नावाचं जेक्वेरीवर चालणारं साधन आलं, त्याच्या प्रेरणेनं पाठोपाठ ‘सिलेक्ट२’ आलं. युक्ती एकच : मूळ सिलेक्ट लपवायची, तिच्या जागी साध्या चौकटींची नवी यादी रंगवायची आणि वर शोधायला एक खिडकी द्यायची. सरकारी असो की खासगी, आजही कित्येक फॉर्ममध्ये ही साधनं किंवा त्यांची भावंडं काम करताना दिसतात.

या उद्योगामागे दोन वेगळे हेतू असतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे बराच घोटाळा होतो. एक हेतू रूपाचा : कोपरे गोल हवेत, रंग संस्थेच्या चिन्हाशी जुळायला हवा, पर्यायापुढे छोटं चित्र हवं. दुसरा हेतू यादीच्या अवघडपणाचा : नावं फार, नावं सारखी, नावं दोन लिप्यांतली, आणि माणसाला त्यांतलं आपलं नाव चटकन सापडायला हवं. माझं मत असं, की निव्वळ रूपासाठी सिलेक्ट मोडून नवी बांधणं हा उधळेपणा आहे. आता तर तेवढंही कारण उरलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीपासून ब्राउझरच्या स्वतःच्या सिलेक्टची उघडलेली यादीसुद्धा सीएसएसनं सजवता येते. ज्या ब्राउझरला ही नवी सोय कळत नाही, तो आपली जुनी साधी यादी दाखवतो. कुणाचं काम अडत नाही.

दुसरा हेतू मात्र खरा आहे, आणि तो वाशिमच्या नावांतच दिसतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत बासिम नावाचा जिल्हा होताच, तो १९०५ मध्ये मोडीत निघाला होता. आजचे तालुके असे : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. सहांपैकी तीन ‘म’ पासून सुरू होतात. साध्या सिलेक्टवर असताना कीबोर्डवर ‘म’ दाबला की पहिलं ‘म’चं नाव निवडलं जातं, पुन्हा दाबला की दुसरं, पुन्हा दाबला की तिसरं. दिवसभर फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या बोटांना हे पाठ असतं. आता क्रम बघा. इंग्रजी अकारविल्ह्यानं लावलं तर मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा. मराठीत अनुस्वार आधी धरला तर मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव. बाराखडीप्रमाणे अनुस्वार शेवटी धरला तर मंगरुळपीर तिसऱ्या जागी जातं. कसंही धरा, मराठीत मानोरा मालेगावच्या आधीच येणार. पण पुष्कळ फॉर्मांत नावं देवनागरीत आणि क्रम इंग्रजीचा, असा प्रकार असतो. विदाकोशात रांग इंग्रजीत लावलेली असते आणि वर फक्त मराठी नावं चिकटवलेली असतात. सहा नावांत ते खपून जातं. तालुक्यातल्या शंभरेक गावांची यादी अशीच विस्कटलेली असेल, तर आपलं गाव शोधणाऱ्याला वाटतं की ते यादीत नाहीच.

जावास्क्रिप्टचं साधं सॉर्टही इथे उपयोगाचं नाही. त्याला अक्षरांचे युनिकोड क्रमांक कळतात, वर्णमाला कळत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे आहे, आपण तो ‘ह’च्या नंतर शिकतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव आहे, त्याच जिल्ह्यात माहूर आहे. साधं सॉर्ट माळेगाव आधी ठेवील, मराठी शब्दकोशाची सवय असलेला माणूस ते माहूरच्या खाली शोधील. भाषेप्रमाणे रांग लावणारं इंटल कोलेटर हे साधन ब्राउझरमध्ये आयतं आहे, त्याला मराठीचा संकेत दिला की काम होतं. एका ओळीची ही गोष्ट, पण फार थोडे जण ती लिहितात.

माळेगावचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. बारामती तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव तेही माळेगाव. देवनागरीत वाशिमचं मालेगाव आणि ही माळेगावं वेगळी राहतात, रोमन लिपीत सगळी एकाच नावात जमा होतात. शोधण्याची खिडकी रोमन अक्षरं स्वीकारणार असेल (आणि ती स्वीकारायलाच हवी, कारण अर्धे लोक तशीच टंकतात) तर निकालात ही सगळी गावं शेजारीशेजारी येणार हे गृहीत धरूनच यादी आखावी लागते.

याला उत्तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पोस्टकार्डावर आपण नुसतं गावाचं नाव कधीच लिहीत नव्हतो. मु. पो. शिरपूर, ता. मालेगाव, जि. वाशिम. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर हे या मालेगाव तालुक्यातलं, आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर नावाचा सबंध तालुका. कारंजाचंही तसंच : वाशिममधलं कारंजा लाड, वर्ध्यातलं कारंजा घाडगे, दोन्ही तालुक्याची गावं. यादीतल्या प्रत्येक पर्यायात गावाच्या खाली बारीक अक्षरांत तालुका-जिल्हा दाखवला की बहुतेक संभ्रम मिटतो. ब्राउझरच्या जुन्या सिलेक्टमध्ये अशी दुसरी ओळ देता येत नव्हती, सगळं एकाच ओळीत कोंबावं लागे. स्वतःची यादी घडवण्याचं हे एक रास्त कारण.

पण डोळ्यांना दिसतं ते नाव आणि फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जाते ती किंमत, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव पाठवणाऱ्या फॉर्मनं मालेगावचा प्रश्न फक्त पुढे ढकललेला असतो. पाठवायचा तो संकेतांक. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याचा संकेतांक ५०२ आहे आणि नाशिकचा ५१६. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी गावपातळीपर्यंत प्रत्येकाला वेगळा क्रमांक देते. नावं बदलली तरी क्रमांकाच्या आधारे जुनी नोंद सापडते. नावं बदलतातच. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. यादीत ‘औ’खाली बघायची सवय असलेल्या माणसाला एका रात्रीत ‘छ’कडे जावं लागलं. शोधता येणाऱ्या यादीत प्रत्येक पर्यायाला टोपणनावं जोडता येतात : जुनं नाव टाका, नवं समोर येतं. हे साध्या सिलेक्टला जमत नाही.

शोधण्याच्या खिडकीवर लेखकानं एक सबंध प्रकरण खर्ची घातलं आहे आणि माझ्या मते पुस्तिकेचा जीव तिथेच आहे. इंग्रजी पुस्तकांतून उचललेला शोध मराठीत का फसतो, हे त्यात उलगडलं आहे. वाशिम हे नाव ‘वाशीम’ असंही लिहितात. मंगरुळपीरमधला ‘रु’ कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ, आणि जुनी माणसं गावाला मंगरुळनाथही म्हणतात. तुलना करण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसावा लागतो, तोही फक्त तुलनेपुरता, दाखवताना नाव जसंच्या तसं. त्याहून चोरटी गोष्ट म्हणजे दिसायला एकच असणारी पण आतून वेगळी अक्षरं. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘र’ कुणाच्या कीबोर्डवरून स्वतंत्र अक्षर म्हणून उमटतो, तर कुणाच्या कीबोर्डवरून साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ यातले काही भेद मिटवतं, सगळे नाही. अदृश्य जोडचिन्हं आपणच काढून टाकावी लागतात.

मग टंकण्याची रीत. पुष्कळ जण रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवतात. शब्द पुरा होईपर्यंत तो तात्पुरता असतो, कीबोर्ड पर्याय सुचवत असतो आणि माणूस एंटर किंवा स्पेस दाबून त्यांतला एक पक्का करतो. आपली यादी त्याच एंटरकडे कान लावून बसलेली असेल, तर ‘मा’ एवढं उमटत असतानाच ती मानोरा निवडून मिटून जाते. शब्द अजून जुळतो आहे की नाही हे ब्राउझर सांगतो, त्याला विचारलं पाहिजे. अँड्रॉइडवर तर कळ कोणती दाबली हे पुष्कळदा धड कळतच नाही. तिथे कळांवर विसंबण्याऐवजी खिडकीतला मजकूर बदलला की नाही एवढंच बघावं. ही अडचण लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकांत तळटीपेत असते. आपल्याकडे ती पहिल्याच पानावर हवी.

सातबारा किंवा पीक विमा यांसारख्या कामांत याद्या एकट्यादुकट्या येत नाहीत, साखळीनं येतात. महाभूलेख या संकेतस्थळावर जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. वरची यादी बदलली की खालची नव्यानं भरावी लागते. इथे कोड लिहिणारे दोन ठिकाणी घसरतात. जिल्हा बदलल्यावर आधी निवडलेलं गाव तसंच मागे राहतं, वर नाशिक आणि खाली वाशिममधलं शिरपूर. दुसरं थोडं खोल आहे. समजा घाईत अकोला निवडला, चूक लक्षात आली, लगेच वाशिम केलं. दोन मागण्या सर्व्हरकडे गेल्या. नेटवर्क मंद असेल तर वाशिमचं उत्तर आधी येतं आणि अकोल्याचं रेंगाळून मागाहून. मागाहून आलेलं उत्तर यादीवर लिहिलं जातं आणि वाशिमखाली बाळापूर-पातूर दिसू लागतात. कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर हे कधीच घडत नाही, म्हणून तपासणीत सापडत नाही. पहिली मागणी रद्द करण्याची सोय अबॉर्ट कंट्रोलर या नावानं ब्राउझरमध्ये आहे आणि पाचव्या प्रकरणात तिचा वापर दाखवला आहे.

आता ज्यासाठी मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला, त्या भागाकडे येतो. साध्या सिलेक्टमध्ये न दिसणारं पुष्कळ काही असतं. टॅब दाबला की तिच्यावर फोकस येतो. बाण वरखाली नेतात, होम आणि एंड टोकांना नेतात, एस्केप यादी मिटवते. लेबलवर दाबलं तरी तीच जागी होते. ‘आवश्यक’ म्हणून खूण केली असेल तर रिकामी ठेवून पुढे जाता येत नाही. फॉर्म पुसला की तीही पुसली जाते. स्क्रीन रीडर तिच्यापाशी पोहोचला की नाव, सध्याचा पर्याय आणि यादी उघडी आहे की मिटलेली, हे सांगतो. यांतलं काहीही कुणी लिहिलेलं नसतं, ते ब्राउझरनं दिलेलं असतं. साध्या चौकटींतून आपली यादी रचली की हे सगळं एका फटक्यात जातं. एकेक करून परत आणावं लागतं आणि बहुतेक जण माऊसच्या क्लिकपाशी थांबतात.

याचा फटका कुणाला बसतो? सेवा केंद्रावर दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्या पोराला बसतो. पेरणीच्या किंवा विम्याच्या मुदतीच्या दिवसांत त्याच्यासमोर रांग असते. ‘काका, गाव कोनतं टाकू?’ ‘मेडशी.’ त्याचा हात कीबोर्डवरून उठत नाही. टॅब, दोन अक्षरं, टॅब. जी यादी माऊसशिवाय उघडत नाही ती त्याचा प्रत्येक फॉर्म लांबवते आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला उद्या परत यायला लावते. आणि ज्याला दिसत नाही त्याला तर ती यादी लागतच नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. पण समोर आलेली चौकट म्हणजे यादी आहे, हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं. ते सांगण्याची भाषा वेई-एरिया या नावानं मार्च २०१४ मध्ये जागतिक मानक झाली : ही चौकट कॉम्बोबॉक्स आहे, ही तिची यादी, हा तिच्यातला पर्याय, यादी आत्ता उघडी आहे, खूण सध्या या पर्यायावर आहे. शोधता येणाऱ्या यादीत फोकस टंकण्याच्या खिडकीतच राहतो आणि बाण हलवले की फक्त खूण सरकते, हे त्यातलं सर्वांत नाजूक कलम. ते चुकलं तर बाण दाबणाऱ्याला शांतता ऐकू येते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा माहिती-तंत्रज्ञानाच्या सोयी सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असं म्हणतो, तेव्हा हा निव्वळ चांगुलपणाचा प्रश्न राहिलेला नाही.

म्हणून लेखकाचा जो आग्रह आहे त्याला माझा पूर्ण पाठिंबा : एचटीएमएलमध्ये खरी सिलेक्ट ठेवा, तिच्यावर जावास्क्रिप्टनं नवं रूप चढवा आणि निवड झाली की मूळ सिलेक्टमध्येच ती नोंदवा. जावास्क्रिप्टची फाईल अर्ध्यात अडकली तर माणसासमोर रिकामी चौकट येऊ नये, निदान साधी यादी तरी यावी. फोनवर तर माझा सल्ला आणखी सरळ आहे. सहा तालुक्यांची यादी असेल तर नवं काही बांधूच नका. फोनची स्वतःची यादी बोटाला पुरतील एवढ्या मोठ्या ओळींची असते, तर आपली घडवलेली यादी बहुधा उघडलेल्या कीबोर्डखाली झाकली जाते. गावांची यादी असेल तर शोधाची खिडकी द्या. मधल्या याद्यांबद्दल ठाम नियम सांगता येत नाही, वापरणाऱ्याच्या शेजारी बसून बघावं लागतं.

एका ठिकाणी लेखकाशी माझं जमलं नाही. शेवटच्या प्रकरणात एकाच यादीतून अनेक पर्याय निवडण्याची रचना दिली आहे, निवडलेले पर्याय छोट्या चिठ्ठ्यांसारखे वर दिसतात. कोड सुबक आहे. पण खरिपातली पिकं विचारायची असतील तर सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांच्यापुढे साध्या खुणेच्या चौकटी ठेवाव्यात. यादी उघडायलाच नको. लेखकाला हे मी सांगितलं, त्यानं प्रकरण ठेवलं. वाचकांनी ठरवावं.

पुस्तिका वाचायला एचटीएमएलचा फॉर्म आणि जावास्क्रिप्टची प्राथमिक ओळख पुरेशी आहे. उदाहरणांतली नावं वाशिम जिल्ह्यातली आहेत. ती बदलून आपल्या जिल्ह्याची घाला, म्हणजे तुमच्याकडची जुळी गावं आणि दोन तऱ्हांनी लिहिली जाणारी नावं आपोआप वर येतील. कोड चालू झाला की माऊस बाजूला काढून ठेवा, कीबोर्ड मराठीत घ्या आणि आपलं गाव निवडून दाखवा. घाई असेल त्यानं दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवरचं चौथं प्रकरण मात्र कुणी गाळू नये.